अण्णाचं शोअरिंग

“ओळख बघू पद्मल, काय हाय ह्ये?”

शेडच्या मागच्या भिंतीला लागून एक लांबुळकी टाकी बसवली होती. आतून काळसर अस्तर, कडेनं तांब्याच्या दांड्या आणि कठड्यावर झेंडूची माळ. तिच्यापुढं कमरेवर हात ठेवून अण्णा उभा होता. अंगात कोरा पांढरा शर्ट होता, त्याच्या घड्यासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.

“म्हशींना पाणी पाजायची डोण,” मी म्हटलं.

“पुण्याला जाऊन डोकं चालंना झालंय हिचं. शांत्या, तू सांग.”

शांत्या म्हणजे माझे यजमान, शांतिनाथ. ते टाकीकडं नुसते बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, “जस्ताची टाकी आहे. मुलामा चढवायची.”

“बघ! ह्याला म्हंत्यात इंजिनियर!” अण्णानं त्यांच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली, की ते एक पाऊल पुढं गेले.

मी हसले नाही. हसायला पाहिजे होतं हे मला कळत होतं. पण सकाळी गाडीत, कऱ्हाड मागं पडल्यावर शांतिनाथ जे बोलले होते ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या भावाचा, अण्णाचा म्हणजे भूपाल चौगुलेचा, छोटा कारखाना होता. दारावर पाटी होती, ‘चौगुले शोअरिंग वर्क्स’. इमारतीचा स्लॅब टाकला की काँक्रीट ओलं असेपर्यंत त्याचा भार कुणीतरी खालून धरावा लागतो. पूर्वी त्याला लाकडाच्या बल्ल्या लावायचे. अण्णा त्याचे लोखंडी टेकू बनवायचा. एकात एक जाणाऱ्या दोन नळ्या, मधे आटे पाडलेली चाकी. फिरवली की टेकू हवा तेवढा उंच होतो. या सगळ्या कामाला ‘शोअरिंग’ म्हणतात, आणि हा शब्द अण्णाला फार प्रिय होता. आमच्या गावात तो कुणाला नीट ऐकू यायचा नाही. एका मामांना वाटायचं हा शेअर बाजारात आहे; ते भेटले की भाव विचारायचे. अण्णा त्यांना अंगणात नेऊन दोन काठ्या आणि पाट घेऊन समजावून सांगायचा. मामा मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी परत भाव विचारायचे.

शांतिनाथ आणि अण्णा डिप्लोमाला एका वर्गात, वसतिगृहात एका खोलीत. माझं लग्न त्यातूनच जमलं. लग्न ठरल्यावर आमच्या आजोबांनी अण्णाला बजावलं होतं, की आता तो घरचा जावई झाला, अरेतुरे बंद. अण्णानं तिथल्या तिथं सांगितलं, “त्याला अहो-जाहो करायला गेलो तर माझी जीभ गळ्यात अडकंल.” आणि ते तसंच राहिलं. चारचौघांत, भरल्या मांडवात, सासऱ्यांच्या पुढं, अण्णाच्या तोंडी ‘शांत्या’च.

शांतिनाथ पुण्यातल्या एका मोठ्या बांधकाम कंपनीत खरेदीचं बघायचे. अण्णाच्या कारखान्याचा बहुतेक सगळा माल त्या कंपनीलाच जायचा. त्यात वशिला होता असं कुणी म्हटलेलं अण्णाला खपायचं नाही. पहिल्या ऑर्डरच्या वेळी कंपनीनं पाच जणांचे टेकू मागवून दाबाखाली घातले होते आणि अण्णाचा सगळ्यांत शेवटी वाकला होता. ती गोष्ट तो कुणालाही, कितीही वेळा सांगायचा.

आणि गाडीत शांतिनाथांनी मला सांगितलं, की ते सगळं आता संपलं. पुढच्या वर्षापासून कंपनी शोअरिंगचा माल परदेशातून आणणार. सह्या झाल्या होत्या.

“अण्णाला माहीत आहे?” मी विचारलं.

“नाही. फोनवर सांगवेना मला. आज पूजेला बोलावलंयच त्यानं. जेवणं झाली की सांगतो.”

“कसली पूजा आहे?”

“काय की. म्हणाला, आल्यावर बघ.”

तर ती पूजा या टाकीची होती.

उपाध्ये आले होते. वैजयंतावहिनीनं टाकीला हळदीकुंकू वाहिलं. कामगार हात धुऊन, केस विंचरून रांगेनं उभे होते. मंत्र झाल्यावर अण्णानं ट्रंकेतून गुलाबी फेटा काढला आणि स्वतःच्या हातानं शांतिनाथांच्या डोक्याला बांधला. ते “अरे राहू दे, राहू दे” म्हणत होते. अण्णानं ऐकलं नाही.

“लोकहो,” तो कामगारांकडं वळून म्हणाला, “ह्यो आमचा शांत्या तुम्हांस्नी माहीतच हाय. आता पुढच्या साली कंपनीचं लई मोठं काम निघालंय. समुद्रातलं! कोकणात खाडीवर पूल बांधायला घेतल्यात त्यांनी. ह्यानं मला एका शब्दानं सांगितलं न्हाई. कंपनीचं गुपित! पण आमालाबी कान हायेत. त्यांच्या हाफिसातल्या पोरीचा फोन आलता. म्हणाली, चौगुलेसाहेब, सगळी सर्टिफिकेटं वेळेत धाडा, पुढच्या साली शोअरिंगचं ऑफशोअरिंग होणार हाय.”

माझ्या शेजारी शांतिनाथ एकदम ताठ झाले.

“ऑफशोअर म्हंजे किनाऱ्यापल्याड,” अण्णा सांगत होता. “मी डिक्शनरी काढून बघितली. आता समुद्राची हवा म्हंजे लोखंडाची वैरीण. नुसत्या रंगानं भागायचं न्हाई. गंज धरंल. म्हणून त्यांनी मागायच्या आधीच आपण तयारीला लागलोय. एकेक टेकू जस्तात बुडवून काढायचा. मीठ चाटत बसू दे समुद्राला!”

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. अण्णानं शांतिनाथांकडं असं बघितलं, जसं काही डिप्लोमाच्या एखाद्या परीक्षेत त्यानं ह्यांच्यावर वरताण केली होती.

मी वहिनीकडं बघितलं. तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या नव्हत्या, नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. त्या कुठं गेल्या हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

जेवायला पुरणपोळी आणि कटाची आमटी होती. शेडमध्येच पंगत मांडली होती. अण्णा स्वतः तुपाचं भांडं घेऊन फिरत होता. शांतिनाथांच्या पानात पोळी तशीच पडून होती आणि फेट्याचा शेमला सारखा आमटीत जायला बघत होता. मी तो मागं सारला. ते माझ्याकडं न बघता पुटपुटले, “मला आताच सांगितलं पाहिजे पद्मल.”

“सगळ्यांना जेवू तरी द्या.”

“हो.”

जेवण आवरल्यावर अण्णानं आम्हां दोघांना केबिनमध्ये नेलं. केबिन म्हणजे पत्र्याचा आडोसा, एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर तीर्थंकरांची तसबीर. खिडकीतून ती टाकी दिसत होती. शांतिनाथांनी बसल्याबसल्या फेटा उतरवला आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरला.

“काढलास कशाला? शोभत हुता की.”

“भूपाल, ऐक. मी एक सांगायला आलोय.”

“बोल की.”

“ऑफशोअरिंग म्हणजे समुद्रातलं काम नव्हे.”

अण्णा हसतच होता. “मग?”

“आपण टेकू लावतो ते शोअरिंग वेगळं. हा धंद्यातला शब्द आहे. आपलं काम देशाबाहेरच्या माणसांकडनं करून घ्यायचं, त्याला ऑफशोअरिंग म्हणतात. शोअरिंगचा माल आता बाहेरून येणार. जहाजानं.”

अण्णाला लगेच कळलं नाही. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. मग त्यानं स्वतःशीच तो शब्द एकदा उच्चारून बघितला. “शोअरिंगचं ऑफशोअरिंग.” आणि खरोखरच मोठ्यानं हसला.

“म्हंजे समुद्र हाय मधी, ते खरं. फकस्त आपण ह्या काठाला ऱ्हायलो.”

“भूपाल...”

“थांब. कवा ठरलं?”

“सही मागच्या आठवड्यात झाली. चाललं होतं बरेच दिवस. मला वाटत होतं, थोपवता येईल. म्हणून बोललो नाही.”

“पोरीचा फोन येऊन दोन म्हैने झाले.”

“सर्टिफिकेटं तुलनेसाठी मागवली असतील. ती तुझ्याशी असं बोलली हेच मला माहीत नव्हतं. आणि तू मला विचारलं असतंस तर...”

“तुला अडचणीत कशाला आणायचं म्हणून न्हाई विचारलं.”

एकानं दुसऱ्याला त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्यानं त्याच कारणानं विचारलं नव्हतं. मी मधल्या खुर्चीत बसले होते. एक माझा भाऊ, एक नवरा. दोघांच्याही बाजूनं मला बोलता आलं असतं.

शांतिनाथ खुर्ची पुढं ओढून बसले. आता त्यांचा आवाज जरा सुटा झाला. “पण मी एक करून आलोय. वर्षभर निम्मी ऑर्डर तुझ्याकडं राहील. लेखी घेतलंय मी. जहाजं उशिरा आली तर काम अडू नये, हे कारण दाखवलंय. तेवढ्या वर्षात तू दुसरं गिऱ्हाईक बघ. टाकीचाही उपयोग होईल. पत्र्याच्या कपाटांना, गेटांना, कशालाही मुलामा लागतोच.”

ते भराभरा बोलत होते. मला वाटलं, आता अण्णा सावरेल. वर्ष म्हणजे काही थोडं नव्हे.

अण्णा त्यांच्याकडं निरखून बघत होता.

“त्यांचा माल स्वस्त पडतोय न्हवं?”

“हो.”

“लई?”

“बराच.”

“मग तुझे साहेब ह्याला कसे तयार झाले?”

“मी सांगितलं ना, जहाजं उशिरा...”

“ते कागदावरचं झालं. तू काय केलंस?”

शांतिनाथ मांडीवरच्या फेट्याच्या घड्या नीट करत राहिले. मला मात्र एकदम काही गोष्टी आठवल्या. त्या साली त्यांची बढती हुकली होती. त्यांच्या हाताखालचा माणूस त्यांच्या वर गेला होता. घरी त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की साहेबांशी पटत नाही.

अण्णानं टेबलावरचा एक नट उचलला, बोटांत फिरवला.

“स्वस्त माल काय आज निघाला न्हाई बाजारात,” तो म्हणाला. “गेल्या सालीबी हुता. त्याच्या आधीबी हुता. मी स्वतः मुंबईच्या प्रदर्शनात हातात घेऊन बघितलाय. तवा मला वाटलं, आपल्याकडं येत्यात ते आपल्या मालाला बघून येत्यात.”

बाहेर कुणीतरी पराती घासत होतं. नळाचं पाणी पत्र्यावर पडत होतं.

“शांत्या,” अण्णा म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता, लहान मुलाला विचारावं तसा. “एकच विचारतो. ही ऑर्डर तू माझ्या मालासाठी देत हुतास, का माझ्यासाठी?”

शांतिनाथांनी मान वर केली. मला वाटलं, आता ते बोलतील. त्यांचे ओठ हललेही. अण्णा थोडा पुढं झुकला होता, हात टेबलावर उघडे ठेवून. तो घाई करत नव्हता. नळ बंद झाला. पराती एकावर एक ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. तरी अण्णा तसाच थांबला होता.

शांतिनाथांनी खाली फेट्याकडं बघितलं. अखेर म्हणाले, “मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, भूपाल.”

अण्णानं मान हलवली. एकदाच. आणि खुर्चीत मागं टेकून बसला.

“मी म्हणायचो, मी टेकू करतो,” तो म्हणाला. “आणि तू मलाच टेकू लावून ठेवलावतास.”

तेवढ्यात वहिनी ताकाचे पेले घेऊन आत आली. तिला काहीच माहीत नव्हतं. उन्हानं आणि कामानं तिचा चेहरा लाल झाला होता. अण्णा उठला, तिच्या हातातलं ताट घेतलं आणि एक पेला शांतिनाथांच्या पुढं ठेवला.

“घ्या, शांतिनाथराव.”

वहिनीला ती थट्टा वाटली. ती हसली. “आज अगदी राव?”

कुणीच हसलं नाही, तसं तिनं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं.

“ते वर्षाचं ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणाला. “तुम्ही माझ्यासाठी लई केलंसा. आता नको. काँक्रीट धरलं असंल तर टेकू काढल्यावर स्लॅब ऱ्हातो. नसंल धरलं तर त्याला कवातरी खाली यायचंच.”

“अरे वेडा आहेस का तू? एवढी माणसं आहेत तुझी!”

“माणसांची सोय मी लावतो. तुम्ही ताक घ्या.”

मी अण्णाचा हात धरला. “अण्णा, असं तोडून टाकू नको. त्यांनी तुझ्यासाठीच केलं ना?”

“म्हणूनच तर,” तो म्हणाला. त्यानं माझ्या हातावर थोपटलं आणि हात सोडवून घेतला. “बसा तुम्ही. मी माणसांस्नी सांगून येतो. जेवून झालंय त्यांचं.”

तो सावकाश बाहेर गेला. शर्टाच्या पाठीवरच्या घड्या एव्हाना घामानं विरल्या होत्या. खिडकीतून तो टाकीपाशी उभा दिसला. माणसं भोवती जमली. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. शांतिनाथ डोळे मिटून बसून राहिले. त्या ताकाला त्यांनी हात लावला नाही.

पुढं अण्णानं बोलल्याप्रमाणं केलं. माणसांना आजूबाजूच्या कारखान्यांत कामं मिळेपर्यंत शेड चालू ठेवली, मग यंत्रं विकली. टाकी एका कपाटवाल्यानं नेली. अण्णा धुळीला मिळाला असं काही झालं नाही. एका ओळखीच्या बिल्डरकडं तो स्लॅबच्या कामांवर देखरेख करायला जाऊ लागला. पोरं शिकली. वहिनीच्या हातात पाटल्याही पुन्हा आल्या. शांतिनाथांचं कंपनीत त्यानंतर मन लागलं नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी ती सोडली.

आमच्या घरच्या प्रत्येक कार्याला अण्णा यायचा. माझ्या लेकीच्या लग्नात त्यानं मामाचं सगळं केलं, पंगतीत वाढायलाही उभा राहिला. पण शांतिनाथ समोर आले की तो खुर्चीवरून उठायचा. “या, शांतिनाथराव. बसा. प्रवास बरा झाला न्हवं?” इतकं नीट, इतकं आदरानं. आमच्या सासरच्यांना त्याचं कौतुक वाटायचं, की भूपालला वयानुसार पोच आली.

एकदा शांतिनाथ एकटेच कोल्हापूरला जाऊन दोन दिवस राहून आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “काही नाही. पाहुणचार झाला.” नंतर बराच वेळ ते गॅलरीत जाऊन बसले.

आणि मग एका पहाटे अण्णा झोपेतच गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही निघायच्या तयारीत होतो. शांतिनाथ बाहेर गाडीत सामान लावत होते. वहिनी स्वयंपाकघरात मला सांडग्यांची पुरचुंडी बांधून देत होती. बांधता बांधता थांबली.

“पद्मल, त्या पूजेच्या दिवसाचं एक सांगू?”

“सांग की.”

“तुम्ही गेल्यावर ह्ये शेडातच बसून ऱ्हायलं. मी विचारलं, असं काय बोलले शांतिनाथभाऊजी? तर म्हणाले, काय न्हाई बोलला, तेच तर झालं. म्हणाले, ‘मी किती थांबलो गं. म्हटलं आता म्हणंल, आता म्हणंल. नुसतं ‘मालासाठी’ म्हणायचं हुतं त्यानं. खोटं हाय ते मला ठाऊक हुतं. तरीबी मी ते घेतलं असतं. हसलो असतो, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि वर्षभर काम केलं असतं. तेवढं एक खोटं बोलला न्हाई माझ्यासाठी.’”

तिनं पुरचुंडीची गाठ मारली.

“परत कधी बोलले नाहीत त्यावर. तुला सांगावं का नको, मलाबी कळत नव्हतं.”

मी पुरचुंडी घेतली. तिला मिठी मारली. बाहेर आले.

हमरस्त्याला लागल्यावर शांतिनाथांनी विचारलं, “वहिनी एवढा वेळ काय सांगत होत्या?”

“सांडगे दिलेत. उन्हात पुन्हा एकदा वाळवा म्हणाली.”

ते गाडी चालवत राहिले. पंचगंगेचा पूल गेला. दोन्हीकडं ऊस उभा होता. त्यांचे डोळे रडून सुजले होते आणि स्टिअरिंगवरचे हात म्हाताऱ्या माणसाचे दिसत होते. ते इतके थकलेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं.

“एका गोष्टीचं मात्र मला समाधान आहे, पद्मल,” बऱ्याच वेळानं ते म्हणाले. “बाकी कितीही चुकलो असेन. पण त्या दिवशी त्यानं तोंडावर विचारलं, तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोललो नाही.”

मी खिडकीकडं तोंड केलं.

“हो,” मी म्हटलं. “तेवढं बरं झालं.”